मसूरचा स्टेशनमास्तर आणि आपले मॅनेजर

डिसेंबर आला की ऑफिसात फॉर्म फिरतात. टार्गेट किती पूर्ण झालं, खर्च किती वाचवला, पुढच्या वर्षी काय करणार. आपल्यातली बरीच मुलंमुली आता हे फॉर्म तपासणाऱ्या खुर्चीत बसली आहेत. कुणी शाखाधिकारी, कुणी मुख्याध्यापिका, कुणी एमआयडीसीत शिफ्ट इनचार्ज. याचा आम्हाला अभिमान आहे. पण या खुर्चीचा हिशेब नुसत्या आकड्यांत संपतो का?

आमच्या रहिमतपूरवरून जाणारी रेल्वे पुढे मसूरला पोचते. १९०१ साली लहानगा भीमराव सोबतच्या मुलांबरोबर साताऱ्याहून याच मार्गाने मसूरला उतरला. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुलं येणार असल्याचं पत्र नोकराच्या विसरभोळेपणामुळे त्यांना मिळालंच नाही. स्टेशनमास्तरने चौकशी केली. मुलं महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी स्टेशनमास्तरनेच तोड काढली: भाडं दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार.

आजच्या भाषेत याला ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह केला’ म्हणतात. प्लॅटफॉर्म मोकळा झाला, गाडीवानाचा विटाळ टळला, भाडंही मिळालं. किंमत कुणी मोजली? ज्यांची काहीच चूक नव्हती त्या मुलांनी.

मित्रांनो, आपल्या ऑफिसातल्या ‘तोडी’ याहून फार वेगळ्या आहेत का? छळाची तक्रार करणाऱ्या मुलीचीच बदली होते. ठेकेदार पगार थकवतो आणि सफाई कामगाराला ‘जरा समजून घे’ असं सांगितलं जातं. डब्याच्या वेळी कुजबुज होते म्हणून एखाद्याला वेगळ्या टेबलावर बसवतात. वाद मिटतो, रिपोर्ट स्वच्छ दिसतो.

काही जण म्हणतील, मॅनेजरच्या हातात असतं काय? आदेश वरून येतात. खरं आहे, सगळं हातात नसतं. पण तक्रार लेखी घेणं, ठेकेदाराच्या बिलावर सही करण्याआधी कामगारांचा पगार झाला का हे तपासणं, एवढं तर हातात असतं? आणि ‘आपला माणूस खुर्चीत बसला, हेच पुष्कळ’ हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या त्रिपक्षीय परिषदेत सरकार आणि मालक यांच्या बरोबरीने कामगारांचे प्रतिनिधीही बसले. स्वतः खुर्चीत बसून ते थांबले नाहीत, समोरही खुर्ची मांडली.

वर्षाच्या झाडाझडतीची रीत आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. माझा काही दोष तुम्ही पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी संघाला विनंती करतात. सुरुवात ज्येष्ठ भिक्खू करतो, कनिष्ठ नंतर. खुद्द बुद्धांनी संघाला असं विचारल्याचं संयुत्त निकायात आहे. आपल्या ऑफिसात मात्र साहेब खालच्यांचे दोष लिहितो, त्याचे कुणी विचारत नाही.

म्हणून ३१ डिसेंबरच्या आत आपल्या मॅनेजर मित्रमैत्रिणींनी एवढं करावं. हाताखालच्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला, ठेक्यावरच्या बाईलासुद्धा, समोर बसवून विचारावं: यंदा माझ्या कोणत्या निर्णयाची किंमत तुम्ही मोजली? उत्तर लिहून घ्यावं, उत्तर देणाऱ्याला त्रास होणार नाही याची हमी द्यावी आणि मार्चअखेर काय बदललं ते त्याच माणसाला सांगावं.

जयभीम!