भाषेची पातळी आणि घरात येण्याची परवानगी

केंब्रिज विद्यापीठाने १९१३ मध्ये परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली, तेव्हा तिला अवघे तीन उमेदवार बसले. भाषांतर, व्याकरण, ध्वनिशास्त्र, निबंध, साहित्य असा बारा तासांचा तो पसारा होता. तिघेही नापास झाले. मात्र त्यामुळे कुणाचा संसार अडला नाही. परीक्षा मुख्यतः इंग्रजीचे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी होती. आज युरोपात भाषेच्या प्रमाणपत्रावर व्हिसा, नोकरी आणि नागरिकत्व अवलंबून असते. कित्येकदा नवरा-बायकोने एकत्र कधी राहायचे हेही त्यावरच ठरते. शतकभरात परीक्षेचा अधिकार एवढा कसा वाढला, हे तपासून पाहायला हवे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, युरोप परिषद स्थापन झाली. शेजारी देशांतील माणसांना एकमेकांशी बोलता यावे, हा तिच्या भाषाविषयक कामाचा हेतू होता. १९७५ मध्ये यान फान एक यांनी इंग्रजीसाठी ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ मांडली. शिकणाऱ्याला व्याकरणाचे किती नियम पाठ आहेत यापेक्षा त्याला रोजच्या जगण्यात भाषेतून काय काय करता येते, हा तिचा प्रश्न होता. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील र्‍यूश्लिकॉन येथील परिसंवादात सर्व भाषांसाठी एकच चौकट असावी असे ठरले आणि २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ए१ ते सी२ या सहा पातळ्या तिथून आल्या. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणारा विद्यार्थी आज याच पातळ्यांनी आपली प्रगती मोजतो. शिकणाऱ्याला आपण कुठे पोहोचलो हे कळावे आणि एका देशातले प्रमाणपत्र दुसऱ्या देशात समजावे, यासाठी ही चौकट खरोखर उत्तम आहे.

पण ती कुणाच्या आधारे बेतली गेली? पातळ्यांची वर्णने स्वित्झर्लंडमध्ये १९९३ ते १९९६ दरम्यान सुमारे ३०० शिक्षक आणि २८०० विद्यार्थ्यांच्या मदतीने तपासली गेली. हे विद्यार्थी शाळांतले, व्यवसाय शिक्षणातले आणि प्रौढवर्गांतले होते. लिहिता-वाचता येते, वर्गात बसायची सवय आहे, हे त्यात गृहीतच होते. ज्यांना शाळाच मिळाली नाही अशा स्थलांतरितांसाठी वेगळी मार्गदर्शक चौकट युरोप परिषदेने काढली ती २०२२ मध्ये. तोवर अनेक सरकारांनी हीच मोजपट्टी कायद्यात घालून टाकली होती.

नेदरलँड्सने २००६ पासून कुटुंबाकडे येऊ पाहणाऱ्या अनेकांना मायदेशातच डच भाषेची परीक्षा लावली. जर्मनीने २००७ मध्ये जोडीदारांसाठी ए१ सक्तीची केली. ब्रिटननेही २०१० मध्ये तोच मार्ग धरला. फ्रान्समध्ये २०२६ पासून नागरिकत्वासाठी बी१ ऐवजी बी२ लागते. युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये डच प्रकरणात अशी परीक्षा घेता येईल असे सांगितले, पण तिच्यामुळे कुटुंबाचे एकत्र येणे अशक्य किंवा फार अवघड होता कामा नये, अशी अट घातली. परीक्षा आणि अभ्याससाहित्य मिळून होणारा ४६० युरोंचा खर्च न्यायालयाला त्या कसोटीवर मान्य झाला नाही.

जर्मन नियमांतील सवलती पाहिल्या की या सक्तीमागचा विचार कळतो. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या नागरिकांना जोडीदाराकडे जाताना ए१ लागत नाही. ब्लू कार्ड या कामाच्या परवान्यावर गेलेल्या उच्चशिक्षिताच्या जोडीदारालाही ते लागत नाही. जर्मन नागरिकाशी लग्न झालेल्या भारतीय स्त्रीला मात्र सर्वसाधारणपणे ते आधी मिळवावे लागते. भाषा आल्याशिवाय समाजात मिसळता येत नाही, हे कारण खरे असेल, तर ते सगळ्यांना सारखेच लागू व्हायला हवे.

कामासाठी भाषा मागणे वेगळे. रुग्णाला काय होते आहे हे परिचारिकेला समजलेच पाहिजे. तिच्याकडून बी२ ची अपेक्षा रास्त आहे. आपल्याकडचे जुने उदाहरण पाहा: कोलकात्यात १८०० मध्ये स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकाव्या लागत आणि त्यांच्या परीक्षाही द्याव्या लागत. तिथे मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. राज्य करायचे तर रयतेची भाषा यायला हवी, हे तिथे उघड होते. भाषेची गरज कामातून आली होती आणि शिकवण्याची सोय परीक्षा घेणाऱ्यानेच केली होती.

शिकवण्याची अशी सोय जर्मनीने स्वतःही करून दाखवली आहे. २००५ मध्ये तिथे सरकारी मदतीवर चालणारे एकात्मता अभ्यासक्रम सुरू झाले: ६०० तासांचे भाषाशिक्षण, ध्येय बी१. माणूस त्या देशात आला की शेजारी, दुकान, मुलांची शाळा यांच्या सोबतीने भाषा लवकर रुजते. घरापासून दूर, शिकवणीची फी भरत, एका निकालाची वाट पाहत ती शिकणे कितीतरी कठीण.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आहे. आपली मुले-मुली जर्मन शिकून तिकडे जातील. त्यांनी ती मन लावून शिकावी. मात्र आपल्या सरकारने करारांच्या बोलण्यांत तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे: कामाला लागेल तेवढीच पातळी मागावी, परीक्षेचा खर्च परवडणारा असावा आणि जोडीदाराची भाषा-परीक्षा प्रवेशाआधी न घेता तिथे शिकवल्यानंतर घ्यावी.