दुसऱ्या पसंतीचे राजकारण

नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाची निवडणूक जानेवारी २०२३ मध्ये झाली, तेव्हा चर्चा रंगली ती तांबे पितापुत्रांची. काँग्रेसने उमेदवारी दिली डॉ. सुधीर तांबे यांना, अर्ज भरला त्यांच्या चिरंजीवांनी, आणि तोही अपक्ष म्हणून. सत्यजीत तांबे यांना ६८,९९९ मते मिळाली, शुभांगी पाटील यांना ३९,५३४. निकाल लागला आणि विषय संपला. या निकालातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा मात्र तिसराच आहे. पडलेल्या १,२९,६१५ मतांपैकी १२,९९७ मते बाद ठरली. म्हणजे जवळजवळ दर दहांतले एक. मतदार कोण, तर पदवीधर! आणि काम काय, तर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने एका नावापुढे १ हा आकडा लिहिणे, आणि इच्छा असल्यास इतर नावांपुढे २, ३ असे आकडे लिहिणे.

याला निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येईल. पण ज्या समाजाला लहानपणापासून केवळ शिक्का मारण्याची किंवा बटण दाबण्याची सवय लागली आहे, त्याच्या हाती अचानक पसंतीक्रमाची मतपत्रिका दिली तर दुसरे काय होणार? ही मतपत्रिका शिकण्याची योग्य जागा महाविद्यालय ही आहे, आणि विद्यार्थी परिषदांच्या निवडणुका पसंतीक्रमानेच घ्याव्यात, असे माझे मत आहे. त्याचे कारण केवळ बाद मतांपुरते नाही. मत मोजण्याची पद्धत बदलली की मत मागण्याची पद्धतही बदलते, हे खरे कारण आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या एखाद्या महाविद्यालयात अध्यक्षपदासाठी चार उमेदवार आहेत आणि हजार मते पडली आहेत. पहिल्या पसंतीची मते अशी: वाणिज्य शाखेच्या उमेदवाराला ४००, विज्ञानच्या उमेदवाराला ३००, कलाशाखेच्या उमेदवाराला २००, आणि पेठ-सुरगाण्याकडून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींच्या उमेदवाराला १००. आपल्या नेहमीच्या हिशेबाने वाणिज्यवाला निवडून आला. साठ टक्के मुलांना तो नको होता, ही गोष्ट वेगळी.

पसंतीक्रमात जिंकण्यासाठी निम्म्याहून एक अधिक, म्हणजे ५०१ मतांचा कोटा हवा. तो कोणाचाच भरत नाही, म्हणून सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या शंभर मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली जाते. समजा, त्यातल्या ६० कलाशाखेकडे आणि ४० विज्ञानकडे गेल्या. आता कलाशाखेची मते २६०, विज्ञानची ३४०. पुन्हा कोटा नाही. कलाशाखेचा उमेदवार बाद. त्याच्या २६० पैकी १७० विज्ञानकडे गेल्या, ६० वाणिज्यकडे, आणि ३० मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती. बेरीज: विज्ञान ५१०, वाणिज्य ४६०. शंभर मतांनी मागे असलेला उमेदवार जिंकला, कारण तो इतरांच्या मतदारांनाही चालण्यासारखा होता.

आता प्रचाराचा विचार करा. साध्या पद्धतीत विज्ञानच्या उमेदवाराने वसतिगृहाकडे फिरकण्याचे कारण नव्हते. तिथली मते ठरलेली. फार तर त्या उमेदवाराने माघार घ्यावी म्हणून दबाव आणायचा. ‘तुझ्यामुळे मते फुटतील’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक लहान गटाने ऐकलेले आहे. पसंतीक्रमात तेच दार त्याला नम्रपणे ठोठवावे लागते: ‘तुमचे पहिले मत तुमच्या माणसाला द्या, पण दुसरे मला द्या.’ आणि हे मागायचे तर काहीतरी द्यावे लागते. वसतिगृहाच्या पाण्याचा प्रश्न, शिष्यवृत्तीचे अडलेले पैसे, सुट्टीत गावी जाणारी बस यांवर बोलावे लागते. ज्याच्या मतदारांकडून उद्या दुसरी पसंती हवी आहे, त्याला आज शिव्या देऊन चालत नाही. शंभर मतांच्या गटाला उमेदवार मागे न घेता किंमत मिळते, हा या पद्धतीचा मला दिसणारा सर्वांत मोठा गुण आहे.

यातला डावपेच सोपा नाही, हेही सांगितले पाहिजे. सर्वांची दुसरी पसंती आणि कोणाचीच पहिली नसलेला गोडबोल्या उमेदवार पहिल्याच फेरीत बाद होतो. आधी स्वतःचा गट हवा, मगच शेजाऱ्याकडे जाता येते. शिवाय शेजाऱ्याकडे जाण्याचीही किंमत असते. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी यांच्यासाठी निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागितली. या पक्षांचे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. ही मागणी हेच इंदिरा गांधींच्या गटाच्या हातातले शस्त्र ठरले आणि ‘सदसद्विवेकबुद्धीने मत द्या’ असे आवाहन झाले. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५ आणि रेड्डींना ३,१३,५४८ मूल्याची मते होती. फेऱ्यांअंती गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोचले. रेड्डींनी दुसऱ्या पसंतीची प्रचंड कमाई केली, तरी ती पुरली नाही. पहिल्या पसंतीचे घर आधीच फुटले होते.

आपल्याकडे या पद्धतीचे एक विपरीत वळणही रूढ आहे. ‘फक्त १ लिहा, पुढे काही लिहू नका, दुसरे मत दिलेत तर आपल्या माणसाचे नुकसान होईल,’ असे मतदाराला सांगितले जाते. हे निखालस खोटे आहे. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद होईपर्यंत किंवा निवडून येईपर्यंत दुसरी पसंती कोणी पाहतच नाही. त्यामुळे तिने त्याचे नुकसान होऊच शकत नाही. नुकसान होते ते मतदाराचे. वरच्या उदाहरणातल्या त्या तीस मतपत्रिका आठवा: शेवटचा निर्णय झाला तेव्हा त्या मोजणीच्या बाहेर होत्या. नाशिक विभागातच जून २०२४ च्या शिक्षक मतदारसंघात पहिल्या पसंतीवर कोटा भरला नाही आणि उमेदवार बाद करत पुढे जावे लागले. तिथे पुढचे आकडे लिहिणाऱ्यांचा आवाज शेवटपर्यंत टिकला.

महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुकांचा इतिहास रक्ताने डागाळलेला आहे. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांचे दार पुन्हा उघडले, पण २०१९ मध्ये होऊ घातलेल्या निवडणुका लांबणीवर पडल्या आणि मागोमाग कोविड आला. दरम्यान २००६ साली लिंगडोह समितीने उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा सुचवली, छापील पत्रकांवर बंदी घातली. ही पथ्ये योग्यच आहेत, पण ती सगळी निषेधाची आहेत. उमेदवाराने काय करू नये हे त्यांत आहे. प्रतिस्पर्ध्याशी बरे वागण्यात त्याचा स्वार्थ असावा, अशी सोय त्यांत नाही. ती मतपत्रिकेतूनच करावी लागेल.

हजार मतपत्रिकांच्या गड्ड्या लावायला एक दुपार पुरते. गणिताच्या प्राध्यापकांनी फळ्यावर फेऱ्या मांडाव्यात, मुलांनी उभे राहून पाहाव्यात. नेते आपापसांत दुसऱ्या मतांचे सौदे करतील, हा आक्षेप खरा आहे. पण सौदा पाळायचा की नाही, हे गुप्त मतदानात प्रत्येक मुलगा-मुलगी स्वतः ठरवते. तीच मुले पुढे पदवीधर म्हणून विद्यापीठाच्या अधिसभेसाठी आणि विधान परिषदेसाठी पसंतीक्रमाने मत देणार आहेत. तोवर त्यांना आकडे लिहायचा सराव झाला, तर बारा हजार नऊशे सत्त्याण्णव हा आकडा पुढच्या खेपेला नक्की खाली येईल.