पाल्याचा अर्क आणि छत्तीस उंदीर

औषधशास्त्रात एम.फार्म. करणाऱ्या मुलांकडून आपण दोन वर्षांत जे करून घेतो, त्याला संशोधन म्हणणं आता बंद करा. मी हा विषय शिकवतो, परीक्षक म्हणून इतरत्र जातो आणि जाड पुठ्ठ्यातले, सोनेरी अक्षरांचे प्रबंध वर्षानुवर्षं वाचतो. त्यांत झाडाचं नाव तेवढं बदलतं. अमुक वनस्पतीच्या पाल्याचा अर्क, मधुमेह घडवलेले विस्टार उंदीर, सहा-सहांचे सहा गट, २८ दिवस. एका गटाला ग्लिबेनक्लामाइड, तीन गटांना अर्काचे चढते डोस. शेवटी साखर उतरल्याचा आलेख, खांबांच्या डोक्यावर फरक लक्षणीय असल्याच्या चांदण्या, आणि वनस्पतीत मधुमेहविरोधी गुण आढळल्याचा निष्कर्ष. उंदीर मारले जातात, प्रबंध कपाटात जातो, त्या अर्काचं पुढे कोणी नावही काढत नाही.

मुळात प्रयोगच कच्चा आहे. उंदराला मधुमेह व्हावा म्हणून टोचलेलं स्ट्रेप्टोझोटोसिन स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारतं. ग्लिबेनक्लामाइड साखर उतरवतं ते त्याच पेशींना इन्सुलिन सोडायला लावून. पेशी खरोखर मेल्या असतील तर ते औषध लागू पडताच कामा नये. पडलं, तर पेशी पुरत्या मेल्या नव्हत्या, म्हणजे मधुमेहही अर्धामुर्धाच होता. तोंडी परीक्षेत मी हे विचारतो तेव्हा विद्यार्थ्याला उत्तर येत नाही, आणि त्याच्या मार्गदर्शकालाही हा प्रश्न कधी पडलेला नसतो. गटात सहाच उंदीर का, याचं गणित सापडत नाही. कोणत्या उंदराला काय दिलंय हे साखर मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. अर्कात कोणती रसायनं किती आहेत, हे कोणी मोजलेलं नसतं. यासाठी छत्तीस जिवंत प्राणी मारायचे आणि प्राणी-नैतिकता समितीनं त्यावर सही करायची, याची मला चीड येते.

विषशास्त्राची तर दैनाच आहे. किलोमागे २००० मिलिग्रॅम अर्क एकदा पाजायचा, चौदा दिवस बघायचं, उंदीर जगले की 'सुरक्षित' लिहून मोकळं व्हायचं. एकदाच पाजलेल्या डोसावरून महिनोन्‌महिने काढा पिणाऱ्या माणसाच्या यकृताबद्दल काय कळणार? करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळत होती. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयानं निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद जरूर व्हावा. पण ही शंका पहिल्यांदा यायला हवी होती ती आमच्या विभागांना, ज्यांच्या कपाटात पाल्याच्या अर्कांचे गठ्ठे पडले आहेत.

खरे विषय तर दाराशीच आहेत. मी ठाणे जिल्ह्यातल्या खडवलीत राहतो. इथे भातसा नदी आहे, भातशेती आहे, आणि पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारी माणसं आहेत. मण्यार रात्री झोपेत चावतो. सूज नाही, फारशा वेदना नाहीत, दाताची खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, मग पापण्या मिटतात, मग श्वास अडतो. नागाच्या दंशात नीओस्टिग्मीन उपयोगी पडतं. मण्यारच्या दंशात त्याचा भरवसा नाही, कारण हे विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. हे माझे विद्यार्थी परीक्षेत आकृतीसह लिहितात. मात्र सर्पदंशाचा एकही रुग्ण, एकही केसपेपर न बघता ते या विषयाचे पदव्युत्तर होतात. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मरतात, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं मांडला आहे. आपली प्रतिविषं बनतात ती मुख्यतः तामिळनाडूत गोळा केलेल्या विषापासून. प्रदेश बदलला की एकाच जातीच्या सापाचं विष बदलतं, हे सिद्ध झालेलं आहे. मग सह्याद्रीच्या पायथ्याच्या घोणस-फुरशाला ही लस किती पुरी पडते? आपल्याकडे रुग्णामागे किती कुप्या लागतात? किती जणांना लशीचीच रिअॅक्शन येते? माझ्या हाती आलेल्या एकाही प्रबंधानं हे विचारलेलं नाही.

कल्याणच्या बाजूला जा. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत रासायनिक घाण ओतली गेली आणि शेकडो माणसं श्वास कोंडून रुग्णालयात पोचली. २०२० मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीत रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री बघायला आले. विषशास्त्र शिकायला याहून जवळची जागा कोणती?

रुग्णांपासून सुरू होणारं संशोधन जमतं, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या परिसरात, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करत होते. लाल विंचू चावलेली माणसं फुप्फुसात पाणी भरून मरताना त्यांनी पाहिली, खाटेशेजारी रात्री काढून लक्षणं टिपली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून पाहिलं. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. सुमारे चाळीस टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यावर आलं.

उंदीर वापरूच नयेत, असं मी म्हणत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या एका पातळ औषधानं शंभराहून जास्त माणसं मेली, तेव्हा शिकागो विद्यापीठात फ्रान्सिस केल्सी ही पदव्युत्तर विद्यार्थिनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत होती. त्या प्रयोगशाळेनं दोषी ठरवलं ते डायएथिलीन ग्लायकॉलला. तेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून १४ रुग्णांच्या पोटात गेलं आणि ते दगावले. लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. २०२५ मध्ये तेच विष छिंदवाड्याच्या मुलांना खोकल्याच्या औषधातून मिळालं, आणि त्यांतली अनेक मुलं नागपूरच्या रुग्णालयांत मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. केल्सीच्या विभागानं मेलेल्या माणसांपासून सुरुवात केली आणि मग प्राण्यांकडे वळला. आम्ही झाडापासून सुरुवात करतो, कारण झाड तक्रार करत नाही आणि चांदण्या हमखास येतात.

सहकारी म्हणतात, वेळ नाही, पैसा नाही, रुग्णालयं कागद दाखवत नाहीत. वेळ अठ्ठावीस दिवस उंदरांना अर्क पाजायला मिळतो. स्ट्रेप्टोझोटोसिन महाग आहे, ते दर वर्षी विकत घेतलं जातं. रुग्णालयाची परवानगी मिळवायला विभागप्रमुखाला एक पत्र लिहावं लागतं आणि चार खेपा घालाव्या लागतात, म्हणून ते होत नाही. उत्तर 'फरक आढळला नाही' असं आलं तरी विद्यार्थी पास होईल, असं विद्यापीठानं लिहून द्यावं. मग चांदण्यांची सक्ती उरणार नाही.

माझ्यापुढे पाल्याच्या अर्काचा प्रस्ताव आला तर मी सही करणार नाही, हे मी समितीला कळवलं आहे. ज्यांना विषय हवा आहे त्यांनी खडवलीहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल पकडावी, दोन स्टेशनं पुढे आसनगावला उतरावं आणि शेअर रिक्षानं शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन परवानगीचा अर्ज द्यावा. अर्जावर माझी सही मिळेल.