न वाचता पाळलेल्या याद्या

संकेतस्थळावर हल्ले होऊ लागले, की जाणकारांचा सल्ला ठरलेला असतो : आंतरजालावर फुकट मिळणारी एखादी ब्लॉकलिस्ट उतरवून घ्या, तिच्यातले हजारो आयपी पत्ते सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये घाला आणि निश्चिंत व्हा. ही यादी कोणी, केव्हा आणि कशासाठी केली, असे विचारणाऱ्याकडे मग दयार्द्र नजरेने पाहिले जाते. प्रश्न तांत्रिक, साहित्यवाल्यांचे इथे काय काम? माझे म्हणणे नेमके उलट आहे. ब्लॉकलिस्ट ही एक संहिता आहे, आणि ती न वाचता पाळण्याचा जो प्रघात पडला आहे तो आपण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याकडूनही खपवून घेणार नाही.

हल्ले खोटे आहेत असे कोणी म्हणत नाही. सर्व्हर आंतरजालाला जोडला, की थोड्याच वेळात अनोळखी यंत्रे पासवर्डांचे जुडगे घेऊन दार खडखडवू लागतात. दाराला कडी हवीच. वाद कडीशी नाही, ती कोणाच्या सांगण्यावरून लावायची याच्याशी आहे.

स्पॅमहाउस या 1998 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या अनेक याद्यांपैकी एक ‘पीबीएल’. तिच्यात मुख्यतः घरगुती जोडण्यांचे पत्ते असतात. त्यांनी काही गुन्हा केला म्हणून नव्हे. घरच्या संगणकाने परक्या मेल-सर्व्हरला थेट पत्र देऊ नये, आपल्या सेवादात्यामार्फत द्यावे, एवढाच तिचा आशय. मेल-सर्व्हरसाठी ती उपयुक्तच आहे. पण तीच यादी वेब-सर्व्हरवर लावली, की नेमके घरी बसून वाचणारे लोक अडवले जातात. वाङ्मयप्रकारच न ओळखण्याचा हा दोष आहे. विडंबनाला स्तोत्र समजून आरती ओवाळण्यासारखा. ‘फायरहोल’च्या पहिल्या पातळीच्या एकत्रित यादीत तर खासगी जाळ्यांचे पत्तेही येतात. ती डोळे मिटून लावणारा आपल्याच कार्यालयातले संगणक बाहेर कोंडू शकतो.

दुसरा गोंधळ ‘पत्ता’ या शब्दाचा. पत्ता म्हटले की आपल्याला घर दिसते, घरात राहणारा माणूस दिसतो. आयपी पत्ता तसा नाही. जुन्या पद्धतीत असे पत्ते सारे मिळून सुमारे 429 कोटी. ते पुरत नाहीत म्हणून मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यांतल्या एकाच्या फोनमध्ये व्हायरस शिरला, की शिक्षा सगळ्या चाळीला. 2006 च्या अखेरीस विकिपीडियाने एका पत्त्यावर बंदी घातली, तर त्या एका पत्त्यामागे जवळजवळ सगळा कतार देश निघाला! खाते न उघडता संपादन करण्याची तिथल्या लोकांची वाट काही काळ बंद झाली. ‘दुष्ट पत्ता’ हा शब्दप्रयोग म्हणूनच मला आळशी वाटतो.

यादीकर्त्याच्या अधिकाराविषयीही बोलले पाहिजे. ऑगस्ट 2003 मध्ये ‘ओसिरुसॉफ्ट’ ही ब्लॉकलिस्ट सततच्या हल्ल्यांना कंटाळून बंद पडली आणि जाताना तिने जगातला प्रत्येक पत्ता दोषी म्हणून जाहीर केला. तिच्यावर विसंबलेल्या मेल-सर्व्हरांनी निमूटपणे सगळ्या जगाची पत्रे नाकारली. आज्ञाधारकपणाचे याहून निर्भेळ उदाहरण मला ठाऊक नाही.

मूळ यादीतून पत्ता वगळला गेला, तरी तिच्या उतरवून घेतलेल्या प्रती कुठे कुठे तशाच राहतात. हे आपल्याला अपरिचित नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे दोषी ठरवली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का राहिला. ‘उचल्या’ वाचलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. दोन्हींचे वजन सारखे नाही, हे उघड आहे. अडवलेल्या वाचकाला कोणी कोठडीत घालत नाही. पण कृत्य न पाहता ठिकाणावरून निवाडा करण्याची रीत तीच आहे.

मग करायचे काय? ‘फेल-टू-बॅन’सारखी साधने आपल्याच सर्व्हरची नोंदवही वाचतात, वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्या पत्त्याला अडवतात आणि त्यांच्या मूळ रचनेत दहा मिनिटांनी मोकळे करतात. इथे पुरावा आहे, मुदतही आहे. बाहेरची यादी घ्यायचीच असेल, तर तिचे निकष वाचावेत, ती रोज ताजी करावी, जुनी नोंद आपोआप गळेल असे पाहावे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि नियतकालिकांचे जुने अंक आंतरजालावर ठेवणाऱ्या संस्थांनी आपल्या तंत्रज्ञाला एवढे विचारायला काहीच हरकत नाही, की तुम्ही लावलेल्या यादीत काय आहे. त्याला उत्तर देता आले नाही, तर यादी काढायला सांगावी. आणि अडवलेल्या वाचकाला दिसणाऱ्या ‘403’च्या कोऱ्या पानावर तक्रारीसाठी एक ईमेल पत्ता छापावा, त्या पत्त्याच्या मेल-सर्व्हरवर तीच यादी लावलेली नाही, एवढी खात्री मात्र आधी करून घ्यावी.