आईकडून आलेला आजार आणि आईच्या माथी मारलेला

मूल हुशार निघालं तर ते बापाच्या वळणावर गेलेलं असतं. आजारी निघालं की मात्र एका दिवसात आईचं होतं. ‘आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं’ हे वाक्य नागपुरातल्या रुग्णालयांच्या व्हरांड्यांत मी इतक्यांदा ऐकलं आहे की, ते कोण कधी म्हणणार हे आता आधीच कळतं.

आपल्या विदर्भाला आनुवंशिक आजार नवे नाहीत. सिकलसेल या भागात आहे हे नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. सिकलसेलचा आजार मुलात उतरायला आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. दोष तरीही सुनेलाच दिला जातो. पण तिथे आपली बाजू भक्कम असते. नवराबायको दोघांच्या तपासणीचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की सासूचा आवाज निदान खाली तरी येतो.

अलीकडे मात्र एक वेगळाच कागद समोर येऊ लागला आहे. लहान मुलाला झटके येतात, मान धरत नाही, किंवा चालणारं मूल हळूहळू बसूनच राहतं. बऱ्याच फेऱ्यांनंतर कागदावर शब्द येतो ‘मायटोकॉन्ड्रियल’. आणि घाईतले डॉक्टर एका वाक्यात सांगून मोकळे होतात, ‘हा आईकडून येणारा आजार आहे.’ मुलाच्या आजोबांनी ते वाक्य पाठ केलेलं असतं. इथे आपण काय म्हणायचं? शास्त्रच बाईच्या विरोधात गेलं म्हणून गप्प बसायचं? मला वाटतं, हे शास्त्र नीट, शेवटपर्यंत वाचलं पाहिजे. अर्धं वाचलेलं शास्त्र बाईला फार महाग पडतं.

शाळेत आपण पेशीतल्या ‘तंतुकणिका’ शिकलो, त्याच या मायटोकॉन्ड्रिया. एकेका पेशीत शेकड्यांनी, काही पेशींत हजारांनी असतात. खाल्लेलं अन्न प्राणवायूच्या मदतीने जाळून शरीराला ऊर्जा पुरवणं हे त्यांचं मुख्य काम. म्हणजे पेशीतली चूलच. ही चूल मंदावली की ज्या अवयवांना जास्त ऊर्जा लागते ते आधी थकतात: मेंदू, हृदय, स्नायू, डोळे, कान. म्हणून हा आजार कुणात झटके होऊन दिसतो, कुणात बहिरेपणा, कुणात मधुमेह, कुणात उतरलेल्या पापण्या. जगभरात साधारण पाच हजारांत एकाला असा आजार असावा असा अंदाज आहे.

या कणिकांजवळ स्वतःची ३७ जनुकं असतात आणि ती मुलाला आईच्या बीजातूनच मिळतात. बापाच्या शुक्रजंतूतल्या कणिका गर्भात टिकत नाहीत. इथपर्यंत आजोबा बरोबर असतात. पण ही चूल चालवायला हजाराहून अधिक प्रथिनं लागतात. त्या ३७ जनुकांतून बनतात फक्त १३. उरलेल्या सगळ्यांचा नकाशा पेशीच्या केंद्रकात असतो, आणि केंद्रक अर्धं आईचं, अर्धं बापाचं. लहान मुलांमधले असे बहुतेक आजार केंद्रकातल्याच जनुकांमुळे होतात आणि त्यांतल्या बहुतेकांत सिकलसेलसारखंच दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेलं असतं. म्हणजे कागदावर ‘मायटोकॉन्ड्रियल’ लिहिलं म्हणून ते आईकडून आलं असं होतच नाही. जनुकांची तपासणी झाल्याशिवाय हे वाक्य कुणी उच्चारू नये. आणि मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा हे आपल्याकडचं पसंतीचं स्थळ. अशा लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. ते लग्न ठरवताना मुलीला कुणी विचारलं होतं?

आता, खरोखर आईकडून आलेला आजार घेऊ. आईच्या शरीरात चांगल्या आणि सदोष कणिका मिसळलेल्या असू शकतात, निवडायच्या तांदळात खडे असावेत तशा. बीज तयार होताना त्यातली एक मूठ उचलली जाते. एका मुठीत खडे कमी येतात, दुसरीत जास्त. म्हणून एकाच आईचं एक मूल धावतं आणि दुसरं अंथरुणाला खिळतं. कधी तर आईत काहीच नसतं, दोष मुलातच नव्याने उद्भवतो. ही मूठ आई भरत नाही. गरोदरपणात ग्रहण पाहिलं, पपई खाल्ली, नोकरी केली याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

मला खरी खंत वेगळ्याच गोष्टीची आहे. आजार आईकडून आला असं म्हणणारे सगळे त्या आईकडे बोट दाखवतात, पण तिची तपासणी करा असं म्हणणारं कुणी भेटत नाही. दोष तिच्यात असेल तर ती स्वतःही आजारी असू शकते, एवढी साधी गोष्ट. एक ठरावीक बदल आहे, ज्यात मुलाला पक्षाघातासारखे झटके येतात, आणि त्याच बदलाने आईला, मावशीला मधुमेह आणि बहिरेपणा येऊ शकतो. भंडाऱ्याकडची एक बाई मुलाला घेऊन यायची. दोन जिने चढली की भिंत धरून उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, ‘मले काय होते मॅडम? लहानपणापासून आळशीच म्हणतात मले.’ तिच्या थकव्याला नाव देण्याची गरज कुणाला वाटली नव्हती, तिला स्वतःलाही नाही. तिचा आजार ठरवणं माझं काम नाही. पण डॉक्टरांनी तिचा कागद काढावा म्हणून भांडणं हे नक्कीच माझं काम आहे.

गंमत अशी की या आजारांचं शास्त्र सुरू झालं तेच एका बाईच्या तक्रारीवर विश्वास ठेवल्यामुळे. स्टॉकहोममध्ये १९६२ साली डॉ. रोल्फ लुफ्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली. ती भरपूर खायची तरी वाळलेली, अंगाला सतत घाम. थायरॉइडवर उपचार करूनही फरक पडला नव्हता. तिला ‘मनाचं आहे’ म्हणून घरी पाठवलं नाही. स्नायूचा तुकडा तपासला आणि कणिकांत बिघाड सापडला.

आपल्याकडे हे सापडावं कसं? केसपेपरवर नाव बापाचं. माहिती सांगणारा नवरा किंवा सासरा. ‘घरात कुणाला असा त्रास?’ या प्रश्नातलं घर म्हणजे सासर. या आजाराची वाट मात्र आई, आजी, पणजी अशी जाते, आणि ती वाट आपल्या कुठल्याच कुलवृत्तांतात लिहिलेली नाही. लग्नात आडनाव बदलतं, काही घरांत अजून तांदळात नवं नाव लिहिण्याची हौस आहे. दोन पिढ्यांत आजीचं माहेरचं नावही कुणाला आठवत नाही. मग डॉक्टरांनी शोधायचं कुठे? ती माहिती व्हरांड्यात मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईजवळ असते. तिला आत बोलावत नाहीत.

ही माहिती जीव आणि अवयव वाचवणारी असते. आईच्या वाटेने येणारा एक दोष असा आहे की त्यात स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेन्टामायसिनसारख्या सुयांनी कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. ‘मामा क्षयाच्या सुया घेता घेता बहिरा झाला’ हे बाईने सांगितलं, तर तिच्या मुलाला दुसरं औषध देता येतं. (मामाला हा दोष असतो, पण त्याची मुलं त्यातून सुटतात.)

आणखी एक. ज्यांची चूल आधीच मंद आहे त्यांनी फार वेळ उपाशी राहणं धोक्याचं. आणि मूल आजारी पडलं की आई काय करते? नवस बोलते, सोमवार धरते, हरतालिका निर्जळी करते. मुलाच्या काळजीने स्वतःचीच चूल विझवते. अशा घरात उपास सोडायला सांगताना मी देवाधर्मावर बोलत नाही. औषधाच्या कागदावर डॉक्टरांकडून ‘उपास बंद’ असं लिहून घेते. तो कागद सासूलाही मान्य होतो.

औषधांच्या बाबतीत मात्र खोटी आशा देऊ नये. यातल्या बहुतेक आजारांवर मुळातून बरं करणारा उपाय आज नाही. २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात ठरलेल्या आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची सोय झाली, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यासाठीच्या केंद्रांपैकी एक आहे. विदर्भ एक्सप्रेसच्या एका रात्रीचा प्रवास. पण झटके येणाऱ्या मुलाला उचलून त्या गाडीत चढणारी, परतल्यावर चोवीस तास त्याचं सगळं करणारी आईच असते, आणि तिच्या त्या श्रमांना कुठल्याच धोरणात रक्कम नाही. इंग्लंडने २०१५ साली दुसऱ्या स्त्रीच्या बीजातल्या निरोगी कणिका वापरण्याला कायद्याने परवानगी दिली; न्यूकॅसलमध्ये अशी आठ बाळं जन्मल्याचं २०२५ साली जाहीर झालं. आमच्याकडे येणाऱ्या बायांना ही बातमी सांगून काय उपयोग, असं मला वाटतं.

त्यांच्या उपयोगाचं आहे ते जवळ आहे. निदान सांगताना नवराबायको दोघांना एकत्र बसवून सांगावं, सासऱ्याला एकट्याला नाही. ‘आईकडून’ या शब्दाबरोबरच ‘आईचा दोष नाही’ हे शब्दही त्याच बैठकीत, त्याच डॉक्टरांच्या तोंडून यावेत. नंतर आम्ही कितीही समजावलं तरी पांढऱ्या कोटाचं वजन आमच्या खादीच्या झोळीला येत नाही! तरीही घरात टोमणे सुरूच राहिले, माहेरी नेऊन सोडलं, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. अपमान करणं, हिणवणं ही त्यात हिंसाच धरली आहे, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्क त्याने दिला आहे.

आणि मैत्रिणींनो, येत्या दिवाळीला माहेरी जाल तेव्हा आईला, मावशीला, असेल तर आजीला विचारा: कुणाला ऐकू कमी येत होतं, कुणाला तरुणपणी साखर झाली, कुणाची मुलं लहानपणीच गेली. एका वहीत लिहून ठेवा. सुरुवात आजीच्या माहेरच्या नावापासून करा.