औषधाचा ढीग

निन्टेंडो कंपनीनें १९९० सालीं काढलेला ‘डॉक्टर मारिओ’ हा खेळ परवां नातवानें आम्हांस शिकविला. बाटलींत तांबडे, पिवळे, निळे विषाणू बसलेले. वैद्य झालेला मारिओ वरून दुरंगी गोळ्या टाकतो. उभ्या वा आडव्या ओळींत एका रंगाचीं चार घरें सलग जुळलीं कीं तीं रितीं होतात.

आम्ही हरलों. नवल असें, कीं ते विषाणू जागचे हलत नाहींत, वाढतही नाहींत. बाटलीचें तोंड बुजतें तें भलत्या ठिकाणीं पडलेल्या आमच्याच गोळ्यांनीं! शाळेंत मुलांच्या एकेका चुकीवर आम्हीं उपदेशाचे किती थर रचले, तें आठवलें. चूक तळाशीं तशीच राहिली. तोंडें तेवढीं मिटलीं.

वाचकहो, मात्रा देण्यापूर्वीं रोगाचा रंग पाहावा.