घर आपले, भिंत सर्वांची

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी या चार मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरील एका घरी फरशी बसविण्याचे काम चालू होते. ते चालू असतानाच तेथील स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांना घेऊन खाली आला. सहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत एक लहान मूल होते. फरशी बदलणे हा काही गुन्हा नव्हे. दिवाळीच्या आधी, मुलामुलींच्या लग्नाच्या आधी, किंवा हाती चार पैसे आले म्हणून मध्यमवर्गीय माणूस घराची फरशी बदलतो आणि शेजाऱ्यांना चहाला बोलावून ती दाखवितोही. परंतु खालच्या मजल्यावर दुपारी निजलेल्या माणसाचा त्या फरशीशी काय संबंध, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी फार भयंकर रीतीने मिळाले. संबंध होता, आणि तो जीवनमरणाचा होता.

ही घटना अपवादात्मक म्हणून सोडून देता आली असती तर आम्हांला समाधानच वाटले असते. परंतु २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावला डॉकयार्ड रोडनजीक महापालिकेच्या मालकीची इमारत पडून ६१ जणांचा बळी गेला. तेथे राहणारे लोक महापालिकेचेच कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय होते. तळमजल्यावरील गोदामात परवानगीवाचून केलेले फेरफार हे त्या प्रकरणी पुढे आलेल्या प्रमुख आरोपांपैकी एक होते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला सिद्धिसाई ही इमारत कोसळली, तेव्हाही तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते; १७ जण दगावले. १० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्राममधील एका अठरा मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर घराची दुरुस्ती चालू असता जमीन खचली आणि दोन स्त्रिया मृत्यू पावल्या. तेथे पुढील तपासणीत काँक्रीटच निकृष्ट असल्याचे आढळले. म्हणजे प्रत्येक वेळी एकटा घरमालक दोषी होता असे आमचे म्हणणे नाही. इमारत आधीच दुबळी असते. तिच्या दुबळेपणावर हातोड्याचा शेवटचा घाव कोणी तरी घालतो, एवढेच. परंतु आपली इमारत किती दुबळी आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने हातोडा उचलण्यापूर्वी विचारावयास नको काय?

अलीकडे घरे सजविण्याची एक लाटच आली आहे. स्वयंपाकघर व दिवाणखाना यांमधील भिंत काढून दोन्ही एक करणे, गॅलरी बंद करून खोलीत सामील करून घेणे, खिडकी बाहेरच्या कडेपर्यंत ढकलून तिच्याबाहेर पेटीसारखी लोखंडी जाळी लावणे, नहाणीघराची जागा बदलणे, जुन्या फरशीवरच नव्या फरशीचा थर देणे, वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांसाठी तुळईला भोके पाडणे, शेजारशेजारची दोन घरे घेऊन मधली भिंत पाडणे, हे प्रकार आता श्रीमंतांच्या मनोऱ्यांपुरते राहिलेले नाहीत. म्हाडाच्या वसाहतींत, सिडकोच्या संकुलांत, पुनर्वसनाच्या इमारतींतही ते सर्रास दिसतात. सजावटकार रंगीत चित्रे दाखवितो, कंत्राटदार "सगळेच करतात, साहेब" असे सांगतो, आणि गृहस्थ होकार देतो. आराखड्याची मूळ प्रत पाहण्याची गरज तिघांपैकी एकालाही वाटत नाही.

यांतील प्रत्येक प्रकाराचा इमारतीवर काय परिणाम होतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब माणसे व सामानसुमान यांच्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरून आखला जातो. फरशीचा मूळ थर त्याहून वेगळा धरलेला असतो. आता जुनी फरशी न काढता तिच्यावर दीड इंच रेती-सिमेंट आणि अर्धा इंच दगड घातला, तर दर चौरस मीटरला शंभर किलोंहून अधिक वजन नव्याने बसते. ५०० चौरस फुटांच्या घरात हे ओझे पाच टनांच्या घरात जाते. एखादे मोठे लग्नकार्य घरात कायमचे मुक्कामाला आणून ठेवावे, तसा हा प्रकार आहे. एका घराने हे केले तर इमारत कदाचित सोसेल. परंतु एकाची फरशी पाहून दुसरा, दुसऱ्याची पाहून तिसरा असे पाचही मजले जेव्हा हेच करतात, तेव्हा तळमजल्यावरच्या खांबांना कोणी विचारलेले नसते.

नहाणीघराची कथा याहून सावकाश घडते आणि म्हणूनच अधिक घातक ठरते. तेथील जमीन उकरली की पाणी अडविणारा थर फुटतो. वर्षभराने खालच्या घराच्या छताला ओल येते. दोन कुटुंबांत भांडण लागते. छताला रंग मारून ते मिटविले जाते. पाणी मात्र काँक्रीटमध्ये मुरतच राहते, आतल्या सळया गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. मुंबईसारख्या खाऱ्या हवेच्या शहरात तर या क्रियेला निमित्तच हवे असते.

भिंतींच्या बाबतीत तर लोकांची समजूतच जुनी झाली आहे. खांब व तुळया यांना हात लावू नये, बाकीच्या भिंती म्हणजे केवळ पडदे, असे अर्धे ज्ञान सर्वत्र प्रचलित आहे. परंतु जुन्या चाळींत व गृहनिर्माण मंडळाच्या काळातील अनेक इमारतींत खांब नसतातच. तेथे विटांच्या भिंतीच मजले तोलून धरतात. आणि अगदी नव्या उंच इमारतींत पुन्हा तीच स्थिती वेगळ्या रूपाने आली आहे. अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंत आणि स्लॅब एकत्र ओतण्याची जी पद्धत बांधकामाच्या धंद्यात "मायवान" म्हणून ओळखली जाते, तीत घरातील भिंती सळयांसह काँक्रीटच्या असतात व त्यांतील अनेक भार वाहतात. दिवाणखान्याची भिंत म्हणून जी पाडावी, ती वरच्या वीस-तीस मजल्यांची मांडी असू शकते. नुसत्या डोळ्यांना पडदा कोणता आणि आधार कोणता हे कळत नाही. ते केवळ नकाशावरून आणि जाणत्या अभियंत्यालाच कळते.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याने घराच्या केवळ आतल्या भागापुरत्या डागडुजीला परवानगीच्या जाचातून बरीचशी मोकळीक दिली आहे, आणि ते योग्यच आहे. भिंतीला रंग देण्यासाठी नागरिकाने सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवावे अशी कोणाचीही इच्छा नाही. परंतु इमारतीच्या रचनेला धक्का लावणारी कामे, बांधीव क्षेत्र वाढविणारे फेरफार यांना ही मोकळीक नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ यातही अशा कामांची आगाऊ सूचना देण्याचे बंधन आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची रचनात्मक तपासणी करून घेण्याची जबाबदारीही त्यातच आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत समितीच्या परवानगीवाचून फेरफार करण्यास मनाई आहे. शिवाय २०१८ साली म्हाडाला आपल्या वसाहतींपुरते नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाल्यामुळे तेथे कोणाकडे जावे हाही प्रश्न उरू नये. नियमांची उणीव आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

उणीव आहे ती नियमांवरील विश्वासाची, आणि ती निर्माण करण्यात शासनाचा वाटा मोठा आहे. गॅलरी, फुलझाडांचा कट्टा, कोनाडे ही जागा हिशेबाबाहेर ठेवून नंतर खोल्यांत मिसळण्याचा प्रघात मुंबईत कित्येक वर्षे उघडपणे चालला. २०१२ साली नियम बदलून ती जागा हिशेबात घेण्यात आली आणि त्या बदल्यात मोबदला भरून वाढीव चटईक्षेत्र देण्यात आले. २०१७ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची अनधिकृत बांधकामे काही अटींवर नियमित करण्याची तरतूद झाली. या प्रत्येक निर्णयामागे व्यवहाराची निकड होती हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नागरिकाने त्यातून धडा कोणता घ्यावा? आम्ही शाळेत शिकवीत असताना एक गोष्ट वारंवार पाहिली. उशिरा येणाऱ्या मुलाला दर वेळी चार आणे दंड करून वर्गात घेतले की वेळेवर येणारी मुले दंडाचाच हिशेब करू लागतात. आज नियम मोडा, उद्या पैसे भरा, परवा प्रमाणपत्र घ्या, ही शिकवण शासनानेच दिली आहे.

ही शिकवण आता खोटी ठरू लागली आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. उत्तर प्रदेश गृहनिर्माण परिषदेने मेरठ येथे निवासासाठी दिलेल्या भूखंडावर दुकाने उभी राहिली होती. त्या प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बरीच वर्षे लोटली, अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केले, किंवा पुष्कळ पैसा घातला गेला, एवढ्यावरून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. सार्वजनिक गृहनिर्माणातील घर घेणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल आपल्यासाठीच आहे असे समजावे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक आहे. ज्या कुटुंबाला तीस चौरस मीटरचे घर मिळाले, ज्यात म्हातारे आईवडील, शिकणारी मुले आणि नवी सून यांना एकत्र राहावयाचे आहे, त्याने गॅलरी बंद करून एक खाट टाकली तर त्याला गुन्हेगार म्हणावयाचे काय? आम्ही म्हणणार नाही. गरजेपोटी केलेली सोय आणि हौसेपोटी केलेली मोडतोड यांत फरक केलाच पाहिजे. परंतु हा फरक माणसाने माणसाचा दोष ठरविताना करावयाचा असतो. बंद गॅलरीवरचे जादा ओझे, आगीच्या वेळी सुटकेची वाट अडविणारी ती लोखंडी जाळी, यांना गरज आणि हौस यांतील भेद ठाऊक नसतो. म्हणूनच गरजू कुटुंबाची अडचण सोडविण्याचा मार्ग तपासनीसाने डोळेझाक करणे हा नव्हे. काय करता येईल हे त्याला सांगणे व ते सुरक्षितपणे करून घेण्याची सोय देणे, हाच तो मार्ग आहे.

हे अशक्य नाही. सिंगापूरमध्ये दर दहांपैकी जवळजवळ आठ रहिवासी १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात. तेथेही लोकांना हौस आहे, घरे सजविण्याचे वेड आहे. परंतु तेथे मंडळाकडे नोंद असलेल्या कंत्राटदाराकडूनच काम करून घ्यावे लागते. भिंत पाडावयाची तर आधी परवाना लागतो. जमिनीवरील फरशी व तिच्याखालचा थर मिळून ५० मिलिमीटरांपेक्षा जाड चालत नाही. नव्या घरातील नहाणीघराची मंडळाने बसविलेली फरशी पहिली तीन वर्षे उखडता येत नाही. लहान देशाची शिस्त आपल्या महानगरांत जशीच्या तशी आणता येणार नाही हे खरे. तथापि ५० मिलिमीटरांचा नियम समजण्यास सिंगापूरचे नागरिकत्व लागत नाही. तो एका ओळीत लिहिता येतो आणि फूटपट्टीने तपासता येतो. आपले नियम कलमांत, उपकलमांत व परिपत्रकांत विखुरलेले आहेत; त्यामुळे ते सामान्य माणसाला कळत नाहीत आणि दलालाला मात्र चांगले कळतात.

या प्रश्नाला आजच तोंड देण्याचे विशेष कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पिढ्यान् पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथेही पुनर्विकासाचे काम हाती घेतलेले आहे. या कुटुंबांनी आपले घर हौसेने सजवावे यात गैर काहीच नाही. शंभर वर्षांच्या चाळीनंतर तो त्यांचा हक्कच आहे. परंतु चाळीतील खोलीत खिळा ठोकावा, पोटमाळा काढावा, मोरी सरकवावी, ही सवय मनोऱ्यात नेणे धोक्याचे आहे. किल्लीबरोबर त्यांच्या हाती स्वच्छ मराठीत एक पानाचा कागद पडला पाहिजे. विनापरवानगी करता येण्याजोगी कामे, परवानगीने करावयाची कामे आणि कदापि न करावयाची कामे, अशा तीन याद्या त्यात असाव्यात. भार वाहणाऱ्या भिंती दाखविणारा त्या घराचा नकाशा कागदाच्या मागील बाजूस छापावा आणि इमारतीच्या प्रवेशद्वाराशीही लावावा. परवानगीच्या अर्जाचा निकाल ठरावीक मुदतीत, अभियंत्याच्या सहीने लागावा. नूतनीकरणाची कामे घेणाऱ्या कंत्राटदारांची व सजावटकारांची नोंद ठेवावी आणि चुकीचे काम करणाऱ्याचे नाव त्या नोंदीतून काढावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आजवर दुर्घटना घडली की धोकादायक इमारतींच्या याद्या होतात, नोटिसा निघतात, आणि महिन्याभरात सारे शांत होते. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्या नगरप्रशासनाने फार दिवस चालविली.

शेवटची जबाबदारी मात्र आमच्या वाचकांसारख्या सुशिक्षितांचीच आहे. संस्थेच्या सभेला जे जात नाहीत, समितीवर काम करावयास जे तयार नसतात, शेजारच्या घरातून हातोड्याचे घाव ऐकू आले की जे खिडकी लावून घेतात आणि संबंध बिघडायला नकोत म्हणून गप्प बसतात, त्यांत आपणच बहुसंख्य आहोत. घर पाहावे बांधून, असे आपले पूर्वज म्हणत. कारण बांधताना माणसाला भिंतीची किंमत कळे. आज आपण घर बांधीत नाही, विकत घेतो किंवा सोडतीत मिळवितो, आणि भिंत म्हणजे काय हे न कळताच तिच्यावर हात चालवितो. पुढच्या वेळी कंत्राटदार "सगळेच करतात" असे म्हणेल, तेव्हा त्याला इमारतीचा नकाशा घेऊन यावयास सांगावे, आणि तो घेऊन येईपर्यंत हातोडा कोपऱ्यात ठेवावा.